ख्रिस्ती आणि समलिंगी: वचनं, पाळक आणि कागदपत्रं (पुण्यातल्यांसाठी धागा)

क्वार्टरगेट
जय ख्रिस्त मंडळी. "मी ख्रिस्ती आहे आणि गे (किंवा लेस्बियन) आहे, आता काय करू?" हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुठल्यातरी भलत्याच धाग्यात उगवतो आणि केकच्या पाककृतींत वाहून जातो. म्हणून हा वेगळा धागा. अनुभवकथन इथे नको, कामाचं तेवढंच लिहा.

सुरुवात मी करतो. या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले असतात. शास्त्रात काय लिहिलंय, आपलं चर्च काय मानतं, आणि कायदा काय देतो. तिन्हींची उत्तरं देणारी माणसं वेगळी. पाळकांना कायदा विचारायचा आणि वकिलाकडे पापक्षमा मागायची, इथे सगळा घोळ होतो.

कायद्याचं आधी, कारण ते छोटं आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं कलमच नाही. त्यामुळे "पोलिसात देईन" ही धमकी पोकळ आहे. लग्नाचं मात्र वेगळं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला. ना विशेष विवाह कायदा, ना १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा, कशाखालीही नोंदणी होत नाही.

आणि एक क्रम पाळा: आधी डोक्यावर छप्पर, मग वाचन, मग घरी सांगणं. फी घरचे भरतात, राहणं घरचं, अशा अवस्थेत उपासनेनंतरच्या चहाला "मला काही सांगायचंय" म्हणून सुरू करणं हे धाडस नाही, घाई आहे.

रामवाडी_वाचनालय
शास्त्राचं मी घेतो. ज्यांच्यावर सगळा वाद चालतो ती ठिकाणं मोजून सहा: उत्पत्ती १९, लेवीय १८:२२ आणि २०:१३, रोमकरांस १:२६-२७, १ करिंथकरांस ६:९, १ तीमथ्य १:१०. एका रविवारी दुपारी वाचून होतात. पण वचन सुटं वाचायचं नाही, आधीचा आणि नंतरचा अख्खा अध्याय वाचायचा. निम्मे वाद वचन सुटं वाचल्यामुळेच होतात.

उदाहरणार्थ सदोम. उत्पत्ती १९ मध्ये गावचे लोक पाहुण्यांवर सामूहिक बलात्कार करायला दार फोडताहेत. दोन सज्ञानांच्या संमतीशी त्याचा काय संबंध? सदोमेचा अपराध कोणता, ते यहेज्केल १६:४९ स्वतःच सांगतो: गर्व, अन्नाची चंगळ, आणि गरिबाला हात न देणं.

करिंथकरांसमध्ये दोन ग्रीक शब्द आहेत. पहिला 'मालाकोय', मूळ अर्थ मऊ. मत्तय ११:८ मध्ये राजवाड्यातल्या लोकांच्या तलम कपड्यांना हाच शब्द वापरलाय. माणसाला लावला की ऐषारामी, दुबळा, बायकी, अशा कितीतरी छटा येतात. दुसरा 'आर्सेनोकोयताय'. नव्या करारात तो फक्त दोनदा येतो, आणि ही पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या पौलाच्या आधीच्या ग्रीक लेखनात सापडत नाही. इंग्रजीत १९४६ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीने हे दोन्ही शब्द एकत्र करून तिथे 'होमोसेक्शुअल्स' घातलं आणि १९७१ च्या आवृत्तीत काढून दुसरं काही लिहिलं. तेच वचन, पंचवीस वर्षांत अर्थ दोनदा फिरला! दोन वेगळी मराठी भाषांतरं शेजारी ठेवून बघा, तिथेही शब्द सारखे नाहीत.

"मूळ भाषा बघणं म्हणजे पळवाट" असं कुणी म्हणालं तर केडगावकडे बोट दाखवा. पंडिता रमाबाईंनी मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, आणि छापण्याचं काम तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी केलं. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे.

जुनी_गायनपुस्तिका
रामवाडी, अर्धंच सांगितलंत. यहेज्केल १६:५० मध्ये 'अमंगळ' कृत्यांचाही उल्लेख आहे. शिवाय लेवीय २०:१३ च्या ग्रीक भाषांतरात 'आर्सेनोस' (पुरुष) आणि 'कोयतेन' (अंथरूण) हे शब्द शेजारी-शेजारी आहेत. पौलाने तिथूनच शब्द जोडला असं मानायला जागा आहे. पारंपरिक वाचन करणारे सगळे द्वेषानेच वाचतात असं नाही. मंडळीतल्या मुलांना एकच बाजू शिकवून पाठवलंत, तर पहिल्याच अभ्यासवर्गात त्यांची फजिती होईल.

रामवाडी_वाचनालय
मान्य, आणि लिहिलंत ते बरं झालं. शब्द लेवीयातून आला असण्याची शक्यता मीही मोठी धरतो. वाद त्याच्या पुढचा आहे: पौलाच्या डोळ्यांसमोर काय होतं? रोमी जगात मालक आणि गुलाम, प्रौढ आणि पोरगा हेच प्रकार सर्रास होते, बरोबरीच्या दोघांचा जन्मभराचा संसार नव्हे, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, मनाई सरसकट आहे.

'अमंगळ' म्हणजे हिब्रू 'तोएवा'. हाच शब्द अनुवाद १४:३ मध्ये निषिद्ध अन्नाला आहे आणि नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तराजूला. मार्केट यार्डात काटा मारणाऱ्यासाठी कुणी उपास-प्रार्थना ठेवत नाही, ते सोडा.

रोमकरांसमधलं 'निसर्गाविरुद्ध' म्हणजे ग्रीक 'पारा फिसिन'. दहा अध्याय पुढे, ११:२४ मध्ये, देव रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडाला कलम करतो तेही 'पारा फिसिन'च. आणि पहिला अध्याय संपला की लगेच २:१ येतं: दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुलाही सबब नाही. पत्राला अध्याय नंतरच्या लोकांनी पाडले. पौलाने लिहिलं ते सलग.

आणखी एक वाचन सुचवतो. अनुवाद २३:१ खच्ची केलेल्याला मंडळीत येऊ देत नाही. यशया ५६:३-५ त्यालाच देवाच्या घरात मुलामुलींपेक्षा मोठं नाव देतो. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूशी षंढ विचारतो की बाप्तिस्म्याला आता अडचण काय, आणि फिलिप्प त्याच्यासोबत पाण्यात उतरतो. षंढ म्हणजे गे नव्हे, ती गल्लत करू नका. पण दार कसं उघडत गेलं ते त्या तीन ठिकाणी दिसतं.

पुस्तकांसाठी पुण्यासारखं ठिकाण नाही. धर्मशिक्षणाच्या दोन मोठ्या संस्था इथेच आहेत: रामवाडीला ज्ञानदीप, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी. बाहेरच्या वाचकाला ग्रंथालयात बसू देण्याचे नियम आधी फोन करून विचारा आणि ओळखपत्र न्या. कारण विचारलं तर "करिंथकरांसचा अभ्यास" एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही.

कॅम्पातली_मावशी
चर्चनिहाय स्थिती सांगते, कारण व्हॉट्सॲपवर फार भेसळ येते.

कॅथलिक: धर्मशिक्षणाच्या ग्रंथातले परिच्छेद २३५७ ते २३५९ तिन्ही वाचा. २३५७ समलिंगी कृत्यांना नाही म्हणतो, २३५९ ब्रह्मचर्य सांगतो. मधल्या २३५८ मध्ये आदर, करुणा आणि संवेदनशीलतेने स्वीकार करा, अन्याय्य भेदभावाची कुठलीही खूण टाळा असं आहे. लोक आपापल्या सोयीचा एक फाडून नेतात. व्हॅटिकनच्या १८ डिसेंबर २०२३ च्या 'फिदुचिया सुप्लिकान्स' या घोषणापत्राने धर्मगुरूला समलिंगी जोडप्याला साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली. मुभा दिली, सक्ती केली नाही. त्यात विधी नाही, लग्नासारखे कपडे किंवा शब्द नाहीत. पुढच्या जानेवारीत व्हॅटिकनने स्वतःच दहा-पंधरा सेकंदांची प्रार्थना असं स्पष्ट केलं. म्हणून हॉल बुक करून फादरना बोलावू नका, तेही अडचणीत येतात आणि तुम्हीही. मिस्सा (कॅथलिक उपासना) संपल्यावर दोघांनी जवळ जाऊन "फादर, आशीर्वाद द्या" म्हणायचं, बस्स.

मेथडिस्ट: २०२४ मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्टांनी समलिंगी पाळकांवरची बंदी उठवली. बातमी खरी आहे, पण पुण्यातल्या मेथडिस्ट चर्चना ती लागू नाही. मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वतंत्र आहे. सीएनआयचंही (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) तसंच. ते अँग्लिकन परिवारात असलं तरी इंग्लंडच्या चर्चने प्रार्थना मंजूर केल्या म्हणून इथे होत नाहीत, त्यांची सिनड (निर्णय घेणारी सभा) वेगळी. स्वतंत्र प्रार्थनागृहांत पाळक म्हणतील ती पूर्व दिशा, त्यामुळे तिथे आधी माणूस जोखायचा.

कसा जोखायचा? स्वतःचं न सांगता. "पाळकसाहेब, यशया ५६ वर कधी बोलाल का?" किंवा "२०१८ च्या निकालाबद्दल मंडळीने काय विचार करावा?" असं विचारून बघा. उत्तर काय देतात त्यापेक्षा कसं देतात ते बघा. हसण्यावारी नेलं, "असली माणसं" म्हणाले, तर तिथे थांबा.

खडकी_लोकल
मावशी, फादरना सांगितलेलं घरी पोचतं का?

कॅम्पातली_मावशी
कुमसारात (पापकबुलीत) सांगितलेलं नाही. कॅनन (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं कलम) ९८३ प्रमाणे ती मोहर मोडता येत नाही, आईबापांसाठीही नाही. पण पॅरिश ऑफिसात, अंगणात उभ्याने बोललात तर ती मोहर नसते, तिथे फक्त त्यांचा समजूतदारपणा. प्रॉटेस्टंट पाळकांशी बोलताना सुरुवातीलाच शब्द घ्या: "हे कमिटीपुढे नाही, प्रार्थनेच्या यादीतही नाही." ही यादी फार धोक्याची. "अमुक भावासाठी प्रार्थना करा, तो एका मोहात आहे" एवढ्या एका ओळीने खडकीपासून हडपसरपर्यंत कळतं.

तपासून_आमेन
सुटकेच्या प्रार्थनांबद्दल कुणी बोललं नाही अजून. "समलिंगीपणाचा आत्मा" काढायला उपास, रात्रभर डोक्यावर हात, तेल, कधी खोलीत कोंडणं. यात काय बिघडतं ते सांगतो. लैंगिक कल बदलत नाही, आणि बदलला नाही याचा दोष विश्वासावर येतो: "तुझी श्रद्धा कमी पडली." मग माणूस दुप्पट उपास करतो, झोप जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. बाहेरून आलेली 'मी बदललो' छापाची साक्षपत्रकं अजून फिरतात. त्या चळवळीची सर्वात मोठी संस्था, एक्झोडस इंटरनॅशनल, २०१३ मध्ये बंद झाली आणि तिच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. पत्रकावर ते कोण छापणार?

नियम असे. कॅथलिकांत भूत काढण्याचा विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुणी करू शकत नाही, कॅनन ११७२. परवानगी दाखवा म्हणा, विषय संपतो. आणि कुणीही असो, भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. नुसती प्रार्थना हा गुन्हा नाही, त्यामुळे तक्रार लिहिताना 'प्रार्थना केली' असं मोघम नको. कुणी, किती वाजता, कशाने, किती वेळ, दार बाहेरून बंद होतं का, हे लिहा.

समुपदेशक_पेठेतली
डॉक्टरांचं मी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कल बदलण्याच्या 'उपचारां'ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ म्हणतं की समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक समजुतींशी जुळत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

पहिल्या भेटीआधी फोनवरच तीन प्रश्न विचारा. कल बदलता येतो असं मानता का? घरच्यांनी विचारलं तर माझं काय सांगाल? माझी श्रद्धा सोडायला सांगाल का? तिसरा प्रश्न लोक विसरतात. एका टोकाला "प्रार्थनेने बरा होशील" म्हणणारे, दुसऱ्या टोकाला "चर्च सोड, सुटशील" म्हणणारे. दोघेही माणसाचा अर्धा भाग कापायला सांगतात. ज्याचं बालपण संडे स्कूल आणि नाताळच्या कॅरोलमध्ये गेलंय, त्याला चर्च सोडणं म्हणजे भाषा सोडण्यासारखं असतं.

सध्या चर्चला जाणं झेपत नसेल तर काही महिने दुसऱ्या पेठेतल्या, ओळख नसलेल्या उपासनेला जा, मागच्या बाकावर बसा. प्रभुभोजन घ्यायचं की नाही याची घाई नको. स्तोत्र १३९ रोज थोडं मोठ्याने वाचा. मनात वाचलेलं आणि स्वतःच्या आवाजात ऐकलेलं यात फरक पडतो.

रात्री-बेरात्री वाईट विचार आले तर १४४१६, टेलिमानस हेल्पलाइन, सरकारी आणि फुकट. पुण्यात समपथिक ट्रस्टने २००२ पासून या विषयावर मराठीत काम केलंय. ती ख्रिस्ती संस्था नाही, पण 'गे', 'कल', 'लिंगभाव' यांची मराठीत नीट फोड हवी असेल तर तिथपासून सुरू करा.

हवेली_नंबर_अमुक
आता कागद. हा भाग रुक्ष आहे, पण नडतो तो हाच.

ख्रिस्ती माणसाचा वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने चालतो. लग्न झालेलं नाही, मूल नाही, मृत्युपत्र नाही, आणि वडील हयात असतील तर सगळं वडिलांना. वडील नसतील तर आई आणि भावंडांत सारखं. जोडीदार त्या यादीत कुठेच नाही, वीस वर्षं एकत्र राहिलात तरी.

म्हणून मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. तुमची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. घात होतो तो इथे: जोडीदाराला साक्षीदार करू नका. कलम ६७ प्रमाणे साक्षीदाराला दिलेली देणगी रद्द होते. मृत्युपत्र टिकतं, पण नेमकी ज्याच्यासाठी ते केलं ती ओळ उडते. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या, शक्यतो एक डॉक्टर. प्रत्येक पानावर खाली सही, पान क्रमांक "५ पैकी १" असा, खाडाखोड नको, तारीख शब्दांतही. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी करा. हवेलीच्या दुय्यम निबंधकाकडे साक्षीदारांसह गेलात की पुढे "सही त्याची नाहीच" हे म्हणणं अवघड होतं.

दुसरी मेख कलम ६९. ख्रिस्ती माणसाने लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द. हिंदूंना ते लागू नाही, त्यामुळे कधी कधी वकीलही विसरतात. दबावाखाली लग्न झालेल्याचं जुनं मृत्युपत्र म्हणजे रद्दी.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, हक्क वारसाचा. म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांत एकच नाव हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. काउंटरवर कुरकुर झाली तर ते परिपत्रक छापून न्या. पीएफचं वेगळं: कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो, आणि त्यात अवलंबून असलेले आईवडील धरतात.

जिवंतपणी बक्षीस देताना जपून. जोडीदार प्राप्तिकराच्या दृष्टीने 'नातेवाईक' नाही. वर्षात ५०,००० च्या वर दिलंत तर घेणाऱ्याला सगळ्या रकमेवर कर, फक्त वरच्या रकमेवर नव्हे. मृत्युपत्राने मिळालेल्यावर नाही. भाड्याचं घर असेल तर लिव्ह अँड लायसन्समध्ये दोघांची नावं लायसन्सी म्हणून घाला, "सोबत राहणारा मित्र" म्हणून नको. मालकाने निम्म्यात काढलं तर दुसऱ्याला उभं राहायला जागा राहते.

खडकी_लोकल
आणि हॉस्पिटलात?

हवेली_नंबर_अमुक
नुसतं मुखत्यारपत्र पुरत नाही. माणूस शुद्धीवर नसला, मन ठिकाणावर नसलं की तेही लंगडं पडतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. शेवटच्या उपचारांबाबतचं आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र २०२३ च्या सुधारित नियमांनी सोपं झालंय: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्यात निर्णय कुणी घ्यायचा त्याचं नाव लिहा. मानसिक उपचारांसाठी तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १४ खाली साध्या कागदावर सही करून कुणाही सज्ञानाला नामनिर्देशित प्रतिनिधी करता येतं, नात्याची अट नाही. त्याची लेखी संमती जोडा. हा कागद नसेल तर पहिला मान नातेवाइकांचा, आणि 'बरं करायला' भरती करणारे बहुधा तेच असतात.

कॅम्पातली_मावशी
मुलींसाठी वेगळं लिहिते, कारण त्यांच्यावर येतं ते वेगळं. मुलग्याला "चर्चमध्ये दिसला नाहीस" म्हणतात, मुलीचा फोन काढून घेतात आणि स्थळ आणतात. लग्नाच्या चिठ्ठ्या (ठरलेल्या लग्नाची जाहीर सूचना) उपासनेत वाचल्या जातात तेव्हा आक्षेप विचारतात. मुलगी स्वतः पाळकांना आधीच भेटून "माझी संमती नाही" म्हणू शकते, लेखी दिलं तर उत्तम. संमतीशिवाय लग्न लावायला कुठलंच चर्च परवानगी देत नाही. पाळक या एकाच बाबतीत सहसा ठाम उभे राहतात.

घर सोडावंच लागलं तर मूळ कागद आधी बाहेर काढा: आधार, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, बँकेचं पुस्तक. निघाल्या दिवशी राहत्या भागातल्या पोलीस ठाण्याला "मी सज्ञान आहे, स्वतःच्या इच्छेने जातेय" असं पत्र आणि वयाचा पुरावा, पोच घेऊन. बेपत्ताची तक्रार आली की हे पत्र कामी येतं. प्रकरण कोर्टात गेलं तर मार्च २०२४ चा देवू नायर निकाल सांगा. सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय की अशा प्रकरणात मुलीला एकटीला, घरच्यांच्या दबावाबाहेर विचारायचं, आणि कल बदलण्यासाठी समुपदेशनाचा आदेश द्यायचा नाही. मोफत वकिलासाठी १५१०० वर फोन करा. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

जुनी_गायनपुस्तिका
मी पारंपरिक वाचनावरच आहे, पण एक भर घालतो. अंत्यविधीच्या सूचना मृत्युपत्रात लिहू नका, ते दफनानंतर उघडतात. वेगळा एक कागद: कुठलं चर्च, कुठली दफनभूमी, कोणती गीतं, विधी कुणी ठरवायचा. कुटुंबाची जुनी कबर उघडायची तर कबर ज्याच्या नावावर आहे त्याची संमती लागते. ती पावती शोधून फोटो काढून ठेवा, बहुतेक घरांत ती आजोबांच्या गायनपुस्तकात असते. शव ताब्यात घेण्याबाबत आरोग्य मंत्रालयाचं ऑगस्ट २०२४ चं पत्र आहे, जवळचे नातेवाईक नसतील किंवा पुढे येत नसतील तर जोडीदारालाही देता येतं. सूचनांच्या कागदाची एक प्रत पाळकांकडे बंद पाकिटात द्या. पाळकांची बदली झाली की पाकीट नव्या पाळकांच्या हाती गेलं का ते विचारायला विसरू नका.

क्वार्टरगेट
काका, हे तुमच्याकडून आलं याचं बरं वाटलं. मूल दत्तक आणि बाप्तिस्मा यावर दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलंय, थोडक्यात: दत्तक एकट्याने घेता येतं, जोडपं म्हणून नाही, आणि एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. कॅथलिक बाप्तिस्म्याला पालकांच्या लग्नाचा दाखला ही अट नाही. मूल श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा हवी, कॅनन ८६८. ऑफिसातला अर्ज दोन नावं मागतो. दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते खिडकीपाशी नको, फादरशी बसून ठरवा.

हवेली, मृत्युपत्राचा कोरा नमुना जमला तर इथे डकवाल का?

हवेली_नंबर_अमुक
रविवारी उपासनेनंतर टाकतो. साक्षीदारांच्या जागी ठळक अक्षरांत "जोडीदार नको" लिहूनच टाकतो.